अडलेल्या सांध्याची चार कुलुपं

लोणच्याची बरणी बंद करताना दोन बोटांचा जोर पुरलेला असतो. चार महिन्यांनी तीच बरणी उघडायला घेतली, की झाकण जागचं हलत नाही. हात कोरडे पुसून होतात, फडकं गुंडाळून होतं आणि शेवटी बरणी घरातल्या दणकट माणसाकडे जाते. बाथरूममधला जुना नळ बदलायला आलेल्या प्लंबरचीही हीच गत होते. तो नळ ज्याने बसवला, त्याने काही राक्षसी ताकद लावली नव्हती. मग काढताना एवढी ताकद का लागते? मधल्या वर्षांत त्या सांध्यात घडलं तरी काय?

हे नीट समजून घ्यायचं, तर उदाहरण थंड देशातलं घ्यावं. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत खोल्या उबदार ठेवण्यासाठी भिंतीवर रेडिएटर टांगलेले असतात. तिकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांवरही केव्हातरी जुना, बुडाशी गंजलेला रेडिएटर बदलायची वेळ येते. नवा रेडिएटर टांगणं हे तासाभराचं काम. दिवस जातो तो जुन्याच्या बुडाशी अडून बसलेले, बोटभर लांबीचे दोन पितळी तुकडे काढण्यात. ते तुकडे आपल्या नळासारखेच अडतात, त्यामुळे त्यांची गोष्ट पुण्या-नाशिकातल्या वाचकाच्याही कामाची आहे.

रेडिएटर जवळून पाहू

घर तापवणारा रेडिएटर १८५५ ते १८५७ च्या दरम्यान रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रान्झ सान गाली या कारखानदाराने घडवला, असं मानलं जातं. तेव्हाचे रेडिएटर ओतीव लोखंडाचे असत. आजचे पोलादी पत्र्याचे असतात, पण कल्पना तीच आहे. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते घरभर फिरवतो. पाणी रेडिएटरमध्ये एका टोकाने शिरतं, आपली उष्णता खोलीला देतं आणि दुसऱ्या टोकाने परत जातं.

या पत्र्याच्या पेटीला चार कोपऱ्यांत चार भोकं असतात आणि त्यांना आतून आटे पाडलेले असतात. वरच्या एका भोकात हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो, दुसरं बूच लावून बंद केलेलं असतं. खालच्या दोन भोकांतून पाणी ये-जा करतं.

आता खालच्या एका कोपऱ्याशी खाली बसून पाहा. जमिनीतून तांब्याची नळी वर येते आणि व्हॉल्व्हमध्ये शिरते. त्या दोघांना जोडणारा नट नळीच्या अंगाला असतो. व्हॉल्व्हच्या दुसऱ्या अंगाला, रेडिएटरकडे, आणखी एक मोठा नट दिसतो. या मोठ्या नटाच्या आतून एक पोकळ पितळी तुकडा रेडिएटरच्या भोकात घट्ट फिरवून बसवलेला असतो. ब्रिटिश प्लंबर त्याला ‘टेल’ म्हणतात, म्हणजे शेपूट. हे शेपूट रेडिएटरमध्ये राहतं आणि मोठा नट त्याला व्हॉल्व्हशी बांधतो.

जुना व्हॉल्व्ह चांगला असेल आणि फक्त रेडिएटर बदलायचा असेल, तर जुन्या रेडिएटरमधून शेपूट काढून नव्यात बसवावं लागतं. प्रत्येक बनावटीच्या व्हॉल्व्हचं शेपूट थोडं वेगळं असतं, दुसऱ्याचं चालेलच असं नाही. आणि वीस-तीस वर्षं गरम पाण्यात राहिलेलं हे शेपूट सहजासहजी बाहेर यायला तयार नसतं.

घाटरस्ता गुंडाळला की आटे होतात

आटे म्हणजे काय, हे आपल्याला घाटात कळतं. डोंगर सरळ चढता येत नाही, म्हणून रस्ता डोंगराला वळसे घेत वर जातो. अंतर वाढतं, पण चढ सौम्य होतो. एका खांबाभोवती असाच रस्ता गुंडाळला, की मळसूत्र तयार होतं. नट फिरवताना आपण एका सौम्य चढावरून जात असतो.

हा चढ किती सौम्य असतो, ते मोजता येतं. रेडिएटरच्या शेपटाला ‘अर्धा इंची’ ब्रिटिश पाइपचे आटे असतात. एका इंचात १४ आटे, म्हणजे एका फेऱ्याला तुकडा जेमतेम १.८ मिलिमीटर पुढे सरकतो. आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर आहे, त्यामुळे त्या एका फेऱ्यात कडेवरचा बिंदू सुमारे ६६ मिलिमीटर चालतो. सहासष्ट चालायचं आणि दोन मिलिमीटरही चढायचं नाही, इतका हा घाट सपाट. म्हणून थोड्या जोरात प्रचंड दाब निर्माण होतो. आणि चढ इतका कमी असल्यामुळे घसरण होत नाही: घट्ट केलेला नट आपणहून उलटा फिरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं.

इथे एक कोडं सुटतं. ‘अर्धा इंची’ नळाच्या आट्यांना पट्टी लावून पाहा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, पण पट्टी २१ दाखवते. जुन्या काळी हे नाव नळीच्या आतल्या पोकळीवरून पडलं आणि नळीच्या भिंती जाड होत्या. भिंती पातळ झाल्या तरी नाव तसंच राहिलं. आट्यांचं माप सगळीकडे एकच असावं हा आग्रह जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये धरला आणि आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. ब्रिटिश पाइपच्या आट्यांना आजही तोच कोन आहे, आणि भारतातल्या नळांनाही हेच आटे असतात. अमेरिकेतल्या अर्धा इंची पाइपलाही इंचाला १४ आटेच आहेत, पण कोन ६० अंश. दोन्ही एकमेकांत एक-दोन फेरे जातात आणि मग अडतात. परदेशातून आणलेला शॉवर इथे नीट न बसण्यामागे हे कारण असू शकतं.

आणखी एक बारकावा आहे. शेपटाचे आटे बहुधा पुढे किंचित निमुळते असतात, दर १६ मिलिमीटर लांबीला व्यास एक मिलिमीटरने कमी. बाटलीत बूच दाबावं तसं ते जितकं आत जातं, तितकं घट्ट बसतं. पाणी न गळण्याचं हे एक कारण. काढताना हाच निमुळता आकार आपल्या बाजूला येतो. बूच थोडं वर आलं की एकदम सैल होतं, तसं शेपूट पहिला पाव फेरा फिरलं की पुढे जवळजवळ हातानेही निघतं. सगळी लढाई त्या पाव फेऱ्याची.

कुलुपं कोणती?

सांधा अडतो, तेव्हा एकाच कारणाने अडतो असं नाही. चार वेगवेगळी कुलुपं त्याला लागू शकतात.

पहिलं कुलूप घर्षणाचं. सांधा घट्ट करताना आपण जो जोर लावतो, त्याचा मोठा भाग घर्षणावर मात करण्यातच जातो. साध्या बोल्टच्या बाबतीत अभियंते ढोबळमानाने सांगतात की नऊ दशांश जोर घर्षणात जातो आणि एक दशांशच प्रत्यक्ष आवळतो. शिवाय थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, तेवढा हलती वस्तू हलती ठेवायला लागत नाही. भरलेलं कपाट सरकवताना पहिला धक्काच जड जातो.

दुसरं कुलूप भरणाचं. आट्यांच्या फटीतून पाणी झिरपू नये म्हणून प्लंबर काहीतरी भरतो. आपल्याकडे धागा आणि सफेदा वापरायची जुनी पद्धत आहे, ब्रिटनमध्ये तागासारखा हेम्पचा तंतू आणि एक लेप वापरत. वर्षानुवर्षं तापून हा लेप दगडासारखा होतो. आता पांढरी टेफ्लॉनची टेप वापरतात. टेफ्लॉन हा पदार्थ रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी योगायोगाने सापडला. तो गुळगुळीत आहे आणि कडक होत नाही, म्हणून टेपवर बसवलेलं शेपूट बऱ्याच वर्षांनीही सहज निघतं.

तिसरं कुलूप गंजाचं, आणि चौघांत हे सर्वांत चिवट. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. मुंबईच्या जुन्या इमारतींत स्लॅबचे पोपडे पडतात ते याच कारणाने: आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटला ढकलून फोडते. आट्यांच्या फटीत फुगायला जागाच नसते. मग गंज दोन्ही धातूंमध्ये पाचरीसारखा ठोकून बसतो. त्यात शेपूट पितळेचं आणि रेडिएटर पोलादाचा. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले, की त्यांच्यात बॅटरीसारखा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि गंजाला कमी प्रतिकार करणारा धातू झिजतो. इथे झिजतं ते पोलाद.

बंद यंत्रणेतल्या पाण्यात प्राणवायू लवकर संपतो, त्यामुळे आतून तांबडा गंज फार चढत नाही. तिथे काळा, चिखलासारखा मॅग्नेटाइट तयार होतो. त्याला लोहचुंबक लावला तर तो चिकटतो. तांबडा गंज जास्त दिसतो तो थेंबथेंब झिरपणाऱ्या सांध्याशी, कारण तिथे पाणी आणि बाहेरची हवा दोन्ही मिळतात.

चौथं कुलूप वरून लागलेलं असतं: रंगाचं आणि क्षारांचं. खोलीला रंग देताना नटावरूनही कुंचला फिरलेला असतो. दर काही वर्षांनी असे चार थर चढले, की नट आणि व्हॉल्व्ह एका सालीत गुंडाळले जातात. झिरपणाऱ्या पाण्यातले क्षारही तिथेच साचून पांढरी खपली धरतात. आपल्याकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना ही खपली चांगलीच ओळखीची असते.

आधी ठरवा, वाचवायचं काय

पाना हातात घेण्याआधी एक निर्णय करायचा असतो: शेपूट आणि रेडिएटर यांपैकी पुढे लागणार आहे काय?

रेडिएटर भंगारात जाणार असेल आणि शेपूट हवं असेल, तर रेडिएटरला वाटेल तसं ठोका, तापवा, अगदी करवतीने कापा. शेपटाच्या तोंडाची गुळगुळीत, निमुळती कडा मात्र जपायची. मोठा नट आवळला की हीच कडा व्हॉल्व्हवर दाबली जाते आणि पाणी अडवते. दातेरी पाइप पान्याने तिला पकडलं, तर शेपूट निघेल पण पुढे सांधा गळेल.

उलट रेडिएटर ठेवायचा असेल आणि व्हॉल्व्ह बदलायचे असतील, तर नव्या व्हॉल्व्हबरोबर नवं शेपूट येतं. मग जुन्याचे तुकडे झाले तरी चालतील, जपायचे ते भोकातले आटे.

बऱ्याचदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग हा, की जुना व्हॉल्व्ह आणि शेपूट दोन्ही टाकून नवी जोडी घ्यायची. त्यासाठी यंत्रणेतलं पाणी उतरवावं लागतं, पण जुन्या पितळेच्या एका तुकड्यावर अर्धा दिवस घालवण्यापेक्षा ते बरं.

किल्ल्या

*जात्याचा खुंटा.* जात्याचा खुंटा कडेला बसवलेला असतो, मध्यभागी नसतो. मध्यापासून जितकं दूर जाऊन ढकलावं, तितकं कमी जोरात पाळू फिरतं. पान्याचंही असंच. २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला जो जोर लावता, तोच ६० सेंटीमीटरच्या टोकाला लावला तर फिरवण्याची ताकद तिप्पट होते. मात्र ही ताकद सांध्याला मिळायला हवी. शेपटाच्या पोकळीत बहुधा षटकोनी खाच असते आणि तिच्यात जाड ॲलन की बसते, अनेकदा १२ ते १३ मिलिमीटरची. एक माप लहान किल्ली घातली, तर ती खाचेचे कोपरे सोलून गोल करते आणि मग पकडायला काही उरत नाही. त्यामुळे लांब दांड्याच्या आधी अचूक माप शोधा.

रेडिएटर स्वतःच फिरला तरी सगळा जोर वाया जातो. तो काढून अंगणात किंवा जुन्या सतरंजीवर आडवा ठेवावा आणि दुसऱ्या माणसाने त्यावर भार देऊन तो धरावा.

*चिक्कीचा ठोका.* ताटाला चिकटलेली चिक्की ओढून निघत नाही. ताट पालथं करून पाठीवर ठोका दिला, की ती टक्कन सुटते. चिकटलेल्या थराला सावकाश ओढलं तर ताण सगळ्या थरावर पसरतो. ठोका मात्र ठिसूळ थराला एका क्षणात तडा देतो. गंज आणि कडक झालेला लेप दोन्ही ठिसूळ असतात. शेपटाभोवतीच्या पोलादी कडेवर हातोडीने चहूबाजूंनी हलके, पटापट ठोके द्यावेत. पितळ मऊ असतं, त्यावर थेट घाव घालू नये.

*समईची वात.* समईत तेल खाली असतं आणि ज्योत वर, तरी तेल वातीच्या बारीक तंतूंमधून आपणहून वर चढतं. गंज सोडवणारं तेल असंच काम करतं. ते अतिशय पातळ असतं आणि केसाएवढ्या फटींतून आट्यांच्या घाटरस्त्याने आत ओढलं जातं. यासाठी वेळ लागतो. फवारा मारून दोन मिनिटांत पाना लावला, तर तेल अजून दाराशीच असतं. रात्री तेल सोडावं, थोडे ठोके द्यावेत, पुन्हा तेल सोडावं आणि सकाळी पाहावं. तेल गंजावर चालतं; दगड झालेल्या लेपावर किंवा टेपने बंद झालेल्या फटीवर त्याचा फारसा उपयोग नाही.

*उष्णता.* बरणीचं झाकण गरम पाण्यात धरलं की सुटतं, कारण धातूचं झाकण आधी आणि काचेपेक्षा जास्त पसरतं. रेडिएटरच्या बाबतीत जरा विचार करायला हवा. इथे पितळी शेपूट आत आहे आणि पोलाद बाहेर. १०० अंशांनी तापवलं तर २१ मिलिमीटर व्यासाचं पोलाद सुमारे ०.०२५ मिलिमीटर वाढतं, पण पितळ ०.०४ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही सारखे तापले, तर शेपूट सैल होण्याऐवजी आणखी आवळतं! म्हणून बाहेरचं पोलाद झटपट तापवायचं आणि उष्णता आत पोचण्याआधी फिरवून पाहायचं. नाहीतर तापवून पूर्ण गार होऊ द्यायचं. पसरण्या-आकसण्याच्या या खेचाखेचीत गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

यासाठी गरम हवेची गन पुरते. लाकडी जमीन आणि गालिचा असलेल्या घरात ज्योत वापरू नका. टेफ्लॉन फार तापलं तर विषारी वाफा सोडतं आणि जुन्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी भरलेला, बंद रेडिएटर किंवा नळी तर कधीच तापवू नये, वाफेच्या दाबाने ती फुटू शकते.

*आधी घट्ट, मग सैल.* सैल होत नसेल तर क्षणभर घट्ट करण्याच्या दिशेने अगदी किंचित झटका द्यावा. चिकटलेला थर कुठल्या दिशेने तुटला याला महत्त्व नाही, तो तुटायला हवा. एकदा हलला, की थोडं सैल, थोडं घट्ट असं पुढेमागे करत न्यावं, मध्येच तेलाचा थेंब द्यावा. सुटलेली गंजाची पूड एकाच दिशेने दाबत नेली तर ती आट्यांत कोंबली जाऊन पुन्हा पाचर बसते.

मोठा नट: दिशा आणि दोन पाने

शेपटाची पाळी येण्याआधी व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमधला मोठा नट सोडवावा लागतो. पहिला गोंधळ असतो दिशेचा. हा नट रेडिएटरकडून व्हॉल्व्हकडे जाताना घट्ट होतो, म्हणून रेडिएटरच्या मध्यावरून त्याच्याकडे बघत आहोत असं समजायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचं. पान्याचा दांडा आपल्याकडे घेऊन समोर बसलं, तर डावीकडच्या नटाचा दांडा खाली दाबायचा आणि उजवीकडच्या नटाचा वर उचलायचा. एकाच रेडिएटरला दोन नट आणि दोन उलट्या दिशा! ‘हा काही केल्या निघत नाही’ असं वाटणारा नट प्रत्यक्षात आवळला जात असतो, असं अनेकदा घडतं.

दुसरी गोष्ट, नेहमी दोन पाने वापरा. एकाने व्हॉल्व्ह घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावला तर नटाबरोबर व्हॉल्व्ह वळतो आणि त्याखालची तांब्याची नळी पिळवटते. ही १५ मिलिमीटरची नळी फक्त ०.७ मिलिमीटर जाड असते. ती जमिनीखाली चिरली, तर रेडिएटरचं काम बाजूला राहून फळ्या उचकटाव्या लागतात.

नटावर रंगाची साल असेल, तर आधी धारदार पात्याने नट आणि व्हॉल्व्ह यांच्या मधली रेघ कापून घ्यावी. अडलेले कितीतरी नट एवढ्यानेच सुटतात.

नळीच्या अंगाचा लहान नट मात्र चुकूनही सोडू नका. त्याच्या मागे घरभरच्या यंत्रणेचं पाणी असतं. तो व्हॉल्व्ह बदलायचाच असेल, तर आधी पाणी उतरवावं लागतं. त्या नटाच्या आत नळीला एक पितळी किंवा तांब्याची कडी आवळून बसलेली असते. तिच्या आकारावरून तिला ‘ऑलिव्ह’ म्हणतात. ती ओढून काढायला खास हत्यार मिळतं. ते नसेल तर बारीक दात्यांच्या करवतीने कडीवर तिरका छेद द्यायचा, नळीला दाते लागण्याआधी थांबायचं आणि छेदात सपाट स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळायचं. कडी उमलते आणि सरकून बाहेर येते.

चौकट: थोडक्यात क्रम

• हीटिंग बंद करा, सगळं गार होऊ द्या.
• थर्मोस्टॅटवाल्या व्हॉल्व्हचं डोकं काढून त्याची बंद करायची टोपी लावा. नुसतं शून्यावर फिरवलेलं डोकं कडक थंडीत आपोआप उघडू शकतं.
• दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद करताना किती फेरे लागले ते लिहून ठेवा. नंतर तेवढाच उघडायचा आहे. घरभर उष्णता सारखी वाटली जाते ती या मापामुळे.
• खाली परात आणि जुनी फडकी ठेवा. आतलं काळं पाणी गालिच्यावर पडलं तर डाग जात नाही.
• दोन पान्यांनी मोठा नट थोडा सैल करा. पाणी थांबत नसेल, तर व्हॉल्व्ह नीट बंद झालेला नाही. नट पुन्हा आवळा.
• वरचा हवेचा स्क्रू उघडा, म्हणजे हवा आत जाऊन पाणी खाली उतरेल.
• रेडिएटर काढून आडवा ठेवा. शेपटासाठी क्रम: अचूक माप, ठोके, तेल आणि रात्रभर धीर, मग उष्णता, सर्वांत शेवटी करवत.
• गॅसच्या बॉयलरला स्वतः हात लावू नका. ब्रिटनमध्ये ते काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या कारागिराचंच आहे.

पुन्हा बसवताना

शेपूट निघालं, की आट्यांतला जुना लेप आणि गंज तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करा. त्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळा, दहा-पंधरा वेढे, आणि टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलट गुंडाळली तर तुकडा फिरवताना टेप सुटून गोळा होते. मोठ्या नटाच्या आट्यांना टेपची गरज नाही. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, दोन गुळगुळीत कडा एकमेकांवर दाबून अडवतात.

घट्ट करताना हात आवरता घ्या. पाणी थांबलं की काम झालं, त्यापुढचा प्रत्येक जोर फक्त पुढच्या माणसाची डोकेदुखी वाढवतो. यंत्रणेतलं पाणी उतरवलं असेल, तर गंज रोखणारं रसायन पुन्हा मिसळायला विसरू नका. सांधा झिरपू लागला तर तो थेंब तेव्हाच थांबवा, कारण गंजाचं कुलूप त्या थेंबापासूनच लागायला सुरुवात होते. आणि भिंतीला रंग देताना नटांवर चिकटपट्टी लावा.

आपल्या घरातला नळ असो की गीझरचा सांधा, हेच सगळं लागू पडतं. अडला की आधी त्याला कोणतं कुलूप लागलंय ते बघा: रंगाला पातं, गंजाला तेल आणि वेळ, कडक लेपाला ठोका आणि ऊब. हे सगळं करून झाल्यावरच दांडा लांब करा. बसवून झाल्यावर एका कागदावर तारीख, वापरलेलं माप आणि व्हॉल्व्हचे फेरे लिहून तो रेडिएटरच्या मागे किंवा नळाजवळच्या कपाटात चिकटवून ठेवा. पंधरा वर्षांनी तो सांधा उघडणारा माणूस बहुधा तुमच्याच घरातला असेल.